सिरस ढगांच्या गच्चीवरच्या नोंदी : नागपूर, फेब्रुवारी ते जुलै

पिंजलेल्या कापसासारखे दिसणारे सिरस ढग निव्वळ बर्फाचे असतात. नागपूरवर ते साधारण नऊ-दहा किलोमीटरपासून सोळा किलोमीटरपर्यंत कुठेही सापडतात. ते कसे बनतात हे कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं फळ्यावर शिकवलं. यंदा ठरवलं, की मुलांना ते गच्चीवरून मोजून दाखवायचं. ज्यांना हेच करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी. किमती मी मोजल्या त्याच लिहिल्या आहेत. सिद्धान्त अडला तिथेच घेतला आहे.

२ फेब्रुवारी

घर प्रतापनगरात. गच्चीवरून पश्चिम आणि दक्षिण बऱ्यापैकी मोकळी आहे. सोनेगावचा विमानतळ आणि हवामान खात्याचं केंद्र जवळच. याचा उपयोग पुढे होणार आहे, कारण उंचावरच्या हवेची मापं घेणारा खात्याचा फुगा तिथूनच वर जातो.

मांडणी अशी : भाच्याचा जुना रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), त्याला रुंद भिंगाचा कॅमेरा (२,४०० रुपये), दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो. शेजारी एमएलएक्स ९०६१४ हा उष्णता मोजणारा सेन्सर (९५० रुपये), सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे तोंड करून. हा सेन्सर न शिवता समोरच्या वस्तूचं तापमान सांगतो. निरभ्र आकाश त्याला फार थंड दिसतं, ढग आला की आकडा वर चढतो. सगळं सामान पीव्हीसीच्या पांढऱ्या डब्यात बसवलं. वर सीसीटीव्हीचा पारदर्शक घुमट (३५० रुपये, सीताबर्डी).

शेजारचे काका कठड्यापाशी येऊन विचारत होते, "मॅडम, कॅमेरा आमच्या अंगणात तर नाही पाहात ना?" त्यांना फोटो दाखवले. नुसतं आकाश आणि कडेला आमच्याच टाकीचं झाकण. हे पहिल्याच दिवशी करा. नंतर गैरसमज काढत बसावं लागत नाही.

९ फेब्रुवारी

आठवडाभराचे आकडे टाकून द्यावे लागले. रात्री निरभ्र आकाशालाही सेन्सर १४-१५ अंश दाखवत होता. ढग आला तरी तेच, गेला तरी तेच. भाच्याने गरम पाण्याचा मग घुमटाबाहेर धरला, आकडा जागचा हलला नाही. "मावशी, हे तर झाकणाचंच टेम्परेचर दाखवून राहिलं." बरोबर होतं त्याचं. साधी काच आणि अ‍ॅक्रिलिक डोळ्यांना दिसणारा उजेड आत सोडतात. आकाशातून येणारी उष्णता मात्र त्याहून खूप लांब तरंगलांबीची असते आणि ती तिथेच अडते. सेन्सरला आकाश दिसतच नव्हतं.

उपाय स्वस्त निघाला. सेन्सर घुमटाबाहेर काढला आणि त्याच्या तोंडावर अगदी पातळ पॉलिथिन ताणून बसवलं. इतवारीत ४० रुपयांत पुरून उरेल एवढं मिळालं. पॉलिथिनमधून बरीचशी उष्णता पार जाते. जाड पिशवी नको, चुरगळलेली नको, रंगीत तर नकोच. उन्हाने ते पिवळं पडून तडकतं, म्हणून दर पंधरवड्याला बदलायचं.

दुसरी अडचण दृष्टिक्षेत्राची. स्वस्त सेन्सर ९० अंशांचा शंकू पाहतो. त्यात आमची पाण्याची टाकी येते, जिन्याची भिंत येते. दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि आकडा बिघडवते. पुठ्ठ्याची नळी लावून पाहिली. मग नळीचीच उष्णता मोजली जाते. शेवटी ५ अंशांचा सेन्सर मागवला, ४,२०० रुपये. जो कोणी हे करायला घेईल त्याने सरळ हाच घ्यावा.

१६ फेब्रुवारी

नवा सेन्सर लागला. आधी तपासणी : चेचलेला बर्फ आणि थोडं पाणी थर्मासमध्ये घालून त्यावर सेन्सर धरला. शून्य यायला हवं, आलं अधिक ०.६. चालेल. पॉलिथिन ताणून पुन्हा मोजलं, तर आणखी दीड अंश वर. ही वजावट लिहून ठेवली. नवं पॉलिथिन लावलं की ही तपासणी पुन्हा करायची.

आज पहाटे पाच वाजता निरभ्र आकाशाचा आकडा उणे २६. हवा कोरडी होती. हेच नागपूरच्या फेब्रुवारीचं भाग्य. ढग नसताना आकाश इतकं थंड दिसतं, की वरचा विरळ ढगही लपत नाही.

२१ फेब्रुवारी

पहिली खरी नोंद. संध्याकाळी पश्चिमेकडून तंतू यायला लागले. साडेआठपर्यंत डोक्यावर पातळ पडदा. तारे त्यातून दिसत होते. सेन्सर उणे २५ वरून उणे १८ वर आला. अकराच्या सुमाराला पडदा विरळ झाला तसा पुन्हा उणे २४. कॅमेऱ्याचे फोटो आणि आकड्यांची रेघ एकाखाली एक लावली, तर दोन्ही एकत्रच वर-खाली होतात. अकरावीच्या दोघी मुली घरी आल्या होत्या. त्यांनी स्वतः हा आलेख कागदावर काढला. ढगातून खाली येणारी उष्णता कागदावर उतरलेली पाहिली तेव्हा मलाही फार समाधान वाटलं.

इथे एक सावधगिरी. सेन्सरचा उणे १८ हा ढगाचा आकडा नव्हे. ढग त्याहून कितीतरी थंड असतो. पण तो विरळ असल्याने सेन्सरला अर्धा ढग आणि अर्धं त्यामागचं आकाश दिसतं, शिवाय मधली वाफ आपली उष्णता मिसळते. ढगाचं खरं तापमान फुग्याकडूनच घ्यावं लागतं.

२३ फेब्रुवारी

फुग्याचे आकडे. हवामान खात्याचा फुगा पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचा असतो. वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नागपूर, केंद्र क्रमांक ४२८६७ निवडलं की उंचीनुसार तापमान, ओलावा, वारा असं सगळं कोष्टक मिळतं, फुकट. हिवाळ्यात आमच्याकडे साधारण ११ किलोमीटरवर उणे ४२-४३, साडेबारावर उणे ५३ च्या आसपास.

या कोष्टकात बराच वेळ गेला. कारण सांगते, म्हणजे इतरांचा वाचेल. २१ तारखेला ढग डोळ्यांनी दिसला होता, पण कोष्टकात त्या उंचीला सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के. इतक्या कोरड्या हवेत ढग कसा? मग लक्षात आलं, की कोष्टकातली आर्द्रता द्रवरूप पाण्याच्या हिशेबाने असते. बर्फाच्या हिशेबाने तीच हवा वेगळी ठरते. उणे ४० ला पाण्यावरचा बाष्पदाब बर्फावरच्या बाष्पदाबाच्या जवळजवळ १.४७ पट असतो, उणे ५० ला सुमारे १.६ पट. म्हणजे उणे ५० ला पाण्याच्या हिशेबाने ६२-६३ टक्के दिसलं तरी बर्फासाठी हवा भरलेली, म्हणजे १०० टक्के आहे. ६५ म्हणजे भरून थोडी जास्तच.

मुलींनी सगळ्या थरांसाठी हा गुणाकार करून नवा स्तंभ तयार केला. आता ढगाचा थर कोष्टकात स्पष्ट दिसतो. एवढं लक्षात ठेवा, की अति थंडीत फुग्याचा आर्द्रतामापक मंद चालतो आणि आकडा थोडा कमीच सांगतो.

पण भरलेली हवा म्हणजे लगेच ढग नव्हे. धुळीसारखा योग्य कण मिळाला तर थोड्या जादा ओलाव्यावर बर्फ धरतो. असा कण नसला, नुसते आम्लाचे किंवा क्षारांचे सूक्ष्म थेंब असले, तर उणे ३८ च्या खालची थंडी लागते आणि बर्फाच्या हिशेबाने १४०-१५० टक्क्यांपर्यंत आर्द्रता चढावी लागते. तोपर्यंत आकाश स्वच्छ निळंच राहतं. निळ्या आकाशात एवढा ओलावा वाट पाहत असतो, हे मुलांना सगळ्यात नवल वाटणारं आहे आणि ते विमानांमुळे दाखवता येतं.

४ मार्च

विमानांच्या रेघा. दिल्लीहून हैदराबाद, बंगळुरू, चेन्नईकडे जाणारी आणि मुंबई-कोलकाता अशी विमानं नागपूरवरून किंवा जवळून जातात. फोनवर फ्लाइटरडार२४ उघडून ठेवलं की प्रत्येक विमानाची उंची कळते. सकाळी सहा ते आठ ही वेळ उत्तम, तिरप्या उन्हात रेघ उठून दिसते.

आज जे दिसलं ते वहीत जसंच्या तसं उतरवलं. ३३,००० फुटांवरून दक्षिणेकडे गेलेलं विमान : रेघ नाही. ३५,००० : विमानामागे बोटभर रेघ, लगेच विरली. ३९,००० फुटांवरचं : लांब रेघ, विमान दिसेनासं झाल्यावरही टिकली, पंधरा-वीस मिनिटांत फुगून सिरसच्या पट्ट्यासारखी झाली आणि पूर्वेकडे सरकली. पहाटेच्या फुग्यात ३३,००० फुटांवर तापमान उणे ३९ होतं, ३९,००० फुटांवर उणे ५३. खालच्या थरात थंडी पुरेशी नाही, म्हणून रेघ धरत नाही. मधल्या थरात धरते पण हवा बर्फाच्या हिशेबाने कोरडी, म्हणून विरते. वरच्या थरात मुलींच्या नव्या स्तंभाप्रमाणे १०८ टक्के. रेघ टिकली ती म्हणूनच. इंजिनातून वाफ आणि काजळीचे कण बाहेर पडतात. त्यांच्यावर पाणी धरून गोठतं आणि मग ते स्फटिक आजूबाजूच्या हवेतला ओलावा ओढून वाढत राहतात. वाट पाहणाऱ्या ओलाव्याला निमित्त मिळालं, एवढंच.

हे सगळं १९४१ साली श्मिट यांनी आणि १९५३ साली अ‍ॅपलमन यांनी गणितात बसवलं. आज त्याचं महत्त्व वाढलंय ते वेगळ्या कारणाने. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात २०१८ सालच्या हवाई वाहतुकीचा हिशेब आहे. रेघांपासून बनलेल्या सिरसचा तापवणारा परिणाम दर चौरस मीटरला सुमारे ५७ मिलिवॅट, आणि विमानांनी आजवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ३४. पहिल्या आकड्यातली अनिश्चितता फार मोठी आहे, १७ ते ९८. तरीही विमानाचा धूर म्हटलं की फक्त कार्बन मोजायचा ही सवय सोडावी लागेल, असं मला ठामपणे वाटतं. गच्चीवर उभं राहून ती रेघ पसरताना पाहिली की हा आकडा पाठ करावा लागत नाही.

१५ मार्च

सूर्याला खळं पडलं. सकाळी दहाच्या सुमाराला पूर्ण वर्तुळ, आतली कड तांबूस. कॅमेऱ्याचं माप बसवायला याहून चांगली वस्तू नाही. बर्फाचे स्फटिक षटकोनी असतात. त्यांच्या एकाआड एक बाजू ६० अंशांत असतात आणि बर्फाचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळवतो त्याचं माप) १.३१. हिशेब केला की प्रकाश कमीत कमी २२ अंश वळतो. म्हणजे खळ्याची त्रिज्या नेहमी २२ अंश, जगात कुठेही. आमच्या फोटोत सूर्यापासून कडेपर्यंत जितके बिंदू आले त्याला २२ ने भागलं की एका अंशाला किती बिंदू ते कळलं. भिंग रुंद असल्याने चौकटीच्या कडेला खळं लांबुळकं दिसतं, म्हणून सूर्य चौकटीच्या मध्याजवळ असतानाचाच फोटो वापरायचा.

सूर्याकडे थेट पाहायचं नाही. मुलांना टाकीच्या सावलीत उभं केलं, म्हणजे सूर्य झाकला जातो आणि खळं मोकळं राहतं. हात लांब करून पंजा ताणला, की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश होतात. अंगठा सूर्यावर ठेवला तर करंगळीचं टोक खळ्याच्या जवळपास पोचतं. सगळ्यांनी करून पाहिलं.

२२ मार्च

एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या सेन्सरवर सात अंश वाढले, म्हणजे पृथ्वी किती तापली?" प्रश्न अगदी नेमका आहे आणि उत्तर असं, की गच्चीवरच्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. सिरसचा हवामानावरचा परिणाम जमिनीपाशी थोडाच जाणवतो. खरा जमाखर्च वातावरणाच्या माथ्यावर होतो, पृथ्वीकडून अवकाशात किती उष्णता निसटली यावर.

फळ्यावर दोनच आकडे मांडले. २७ अंशांची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ४५९ वॅट वर पाठवते. उणे ५३ अंशांचा दाट ढग मधे आला तर त्याच्या माथ्यावरून वर जातात फक्त १३३. ढग जितका उंच, तितका थंड, तितकी कमी उष्णता बाहेर. पातळ सिरस सूर्याचा बहुतेक उजेड खाली येऊ देतो आणि खालून जाणारी उष्णता अडवतो, म्हणून तो तापवतो. तोच ढग दाट झाला तर ऊन परतवून दिवसा गारवा देतो. रात्री परतवायला ऊनच नसतं, त्यामुळे रात्रीचा सिरस तापवणाराच.

माथ्यावरचा हिशेब पाहायला इन्सॅट उपग्रहांची चित्रं वापरली. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर अर्ध्या-अर्ध्या तासाने नवं चित्र येतं. इथे एक फसगत आहे, नीट वाचा. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या चित्रात पातळ सिरसमधून खालच्या गरम जमिनीची उष्णता आरपार येते, त्यामुळे उपग्रहाला ढगाचं तापमान उणे ५ ते उणे १० वाटतं. कोष्टकात हे तापमान शोधलं तर ढग सहा-साडेसहा किलोमीटरवर येतो. आमच्या फोटोत खळं आहे, वेग आणि दिशा बारा किलोमीटरच्या वाऱ्याशी जुळते आणि चित्र सांगतं मधल्या उंचीचा ढग. अशा वेळी गच्चीचं ऐकायचं. उपग्रहावरून इतके विरळ ढग नीट पकडायचे तर लेसरच लागतो. कॅलिप्सो उपग्रह २००६ पासून २०२३ पर्यंत तेच काम करत होता. आपल्याकडे तिरुपतीजवळ गादंकीला जमिनीवरून लेसर सोडून सिरसच्या नोंदी घेतल्या जातात.

६ एप्रिल

डीप फ्रीझरमधला ढग. १९४६ साली व्हिन्सेंट शेफर यांनी अमेरिकेत केलेला हा प्रयोग. उणे १८-२० अंशांच्या फ्रीझरमध्ये श्वास सोडला की धुकं होतं, पण ते पाण्याच्या थेंबांचं असतं, गोठत नाही. त्यात ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) खडा टाकला की क्षणात सगळं धुकं चमचमणाऱ्या स्फटिकांत बदलतं.

दुकानातून उसना आणलेला आइस्क्रीमचा आडवा फ्रीझर, आतून काळं मखमली कापड, बाजूने टॉर्चचा बारीक झोत. हिंगणा एमआयडीसीतल्या एका विक्रेत्याकडून तीन किलो ड्राय आइस, ४५० रुपये. तो थर्माकोलच्या खोक्यात, गाडीच्या काचा उघड्या ठेवून आणला. बंद गाडीत त्याच्या वायूने गुदमरायला होतं आणि बंद बाटलीत तो स्फोट करतो. जाड हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. हे मुलांना तीनदा सांगितलं.

दुपारी काहीच जमलं नाही. बाहेर ४१ अंश, फ्रीझर उणे १३ च्या खाली जाईना. झाकण उघडलं की धुकं होई आणि विरून जाई. त्यात लाइट गेली. संध्याकाळी आली तोवर आतल्या भिंतींवर दव गोठून पांढरा थर धरला होता. हा थर घातक, कारण त्यावरच ओलावा जमतो आणि धुकं टिकत नाही. सगळं पुसून, रात्रभर फ्रीझर चालवून, पहाटे साडेपाचला पुन्हा केलं. उणे १९ होतं.

पण तोवर ड्राय आइस उडून गेला होता, खोक्यात चिमूटभरही नाही. भाच्याने टीव्हीच्या खोक्यातला फुगेवाला प्लास्टिक कागद आणला. तो आधी तासभर फ्रीझरमध्येच थंड होऊ दिला. मग धुक्यात धरून एक फुगा फोडला. आतली दाबलेली हवा एकदम पसरते, पसरताना क्षणभर उणे ४० च्याही खाली जाते आणि तेवढ्यात काही थेंब गोठतात.

दोन-तीन सेकंद काहीच दिसलं नाही. मग टॉर्चच्या झोतात एक ठिपका चमकला, मग दहा, मग झोतभर. धुक्याचा दुधी रंग कमी कमी होत गेला आणि त्याच्या जागी वेगवेगळे चमकते कण, काही पांढरे, काही हिरवट-तांबूस झाक मारणारे, सावकाश खाली उतरणारे. थेंबांमधलं पाणी उडून स्फटिकांवर बसत होतं. फेब्रुवारीत कोष्टकात केलेल्या गुणाकारामागचं कारण समोर घडत होतं : पाण्याला जी हवा अपुरी, बर्फाला ती भरपूर. मखमलीवर पडलेले स्फटिक भिंगातून पाहिले, तर काही चपट्या षटकोनी तबकड्या स्पष्ट दिसल्या. मुली फ्रीझरच्या कडेवरून उठायला तयार नव्हत्या.

मग गच्चीवरची धूळ चिमूटभर टाकून पाहिली. काही झालं नाही. उणे १९ ला साधी धूळ फारसं बर्फ धरत नाही, तिला आणखी थंडी लागते. सिल्व्हर आयोडाइड मात्र उणे पाचच्या आसपासच काम सुरू करतं. त्याचा हा गुण बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४६ मध्येच दाखवला. म्हणजे कण आहे एवढं पुरत नाही, तो कसला आहे यावर सगळं ठरतं. सिरसमध्ये कण पेरून ते विरळ करावेत, म्हणजे पृथ्वीची जादा उष्णता बाहेर जाईल, असा प्रस्ताव मिचेल आणि फिनेगन यांनी २००९ मध्ये मांडला. फ्रीझरपाशी उभं राहून मला त्याची भीतीच वाटली. स्वच्छ पण भरलेल्या हवेत कण पेरले, तर नव्हता तो ढग तिथे तयार व्हायचा आणि काम उलटायचं.

२० एप्रिल

उन्हाळ्याने यंत्र गाठलं. डब्यात दुपारी ६० च्या वर तापमान, रास्पबेरी पाय आधी मंदावतो आणि मग बंद पडतो. डब्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून जाळी लावली, वर थोड्या अंतरावर दुसरं पांढरं छप्पर बसवलं. रास्पबेरी पाय डब्यातून काढून जिन्यात सावलीत ठेवला आणि गच्चीवर फक्त कॅमेरा व सेन्सर ठेवले (वायर आणि फिटिंग २८० रुपये). लाइट जाण्यावर उपाय म्हणून छोटा यूपीएस, १,६०० रुपये.

सेन्सरचे दिवसाचे आकडे मी आता घेतच नाही. त्याच्या धातूच्या टोपीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असली, की तो चार-पाच अंश सहज चुकतो. सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरुवात, सूर्योदयाला बंद. शेजारच्या कूलरचा ओला झोतही सेन्सरच्या वरून जात होता. डबा गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला.

२६ मे

नवतपा (उन्हाळ्यातले तापते नऊ दिवस) सुरू आहे आणि आज नागपूरचा शून्य सावलीचा दिवस. दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर. सेन्सरचं तोंडही डोक्यावरच. आकडे घेत नसलो तरी सेन्सर उघडाच होता आणि सूर्य थेट त्याच्या डोळ्यात. आज नोंदीत तो आकडा इतका वर गेलेला दिसला, की सेन्सर गेला असंच वाटलं. बर्फाच्या थर्मासवर पुन्हा तपासला, ठीक निघाला.

हा धोका एका दिवसाचा नाही. आपला अक्षांश २१.१ आणि सूर्य जूनमध्ये २३.४ पर्यंत जातो. म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत रोज दुपारी सूर्य ५ अंशांच्या त्या शंकूत शिरतो. डबा उत्तरेकडे १५ अंश कलता केला. नागपूर, अमरावती, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातल्या सगळ्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं. पुण्या-मुंबईकडच्यांनी आपापल्या तारखा काढाव्यात.

८ जून

दुपारी तीनच्या सुमाराला उंचावर पांढरा थर पसरत आला, कडा विस्कटलेल्या. इन्सॅटच्या चित्रात दूरवर गडगडाटी ढग उभे राहिलेले आणि त्यांच्या माथ्यावरून ऐरणीसारखा सपाट पसरलेला ढग, त्यालाच ऐरण म्हणतात. हा सिरसचा दुसरा मार्ग. फेब्रुवारीतला सिरस वरच्या ओल्या हवेत जागच्या जागी बनलेला होता, हा खालून वर फेकलेल्या पाण्याचा आहे. पावसाळ्यातला आपला बहुतेक सिरस असाच. ऐरणीचा मूळ भाग दाट, तो ऊन परतवतो. ती पसरत पातळ होत जाते तसा परिणाम तापवण्याकडे झुकतो. एकाच ढगाच्या दोन टोकांची कामं वेगळी.

हवामानबदलाच्या हिशेबात हा भाग फार मोलाचा आहे. हार्टमन आणि लार्सन यांनी २००२ मध्ये मांडलं, की पृथ्वी तापली तर ऐरणी आणखी उंच जातील, पण त्यांच्या माथ्याचं तापमान जवळजवळ तेच राहील. खालची जमीन तापते आणि माथा तितकाच थंड, म्हणजे बाहेर जाणारी उष्णता वाढत नाही. तापमानवाढीला यातून आणखी जोर मिळतो.

सेन्सरवर मात्र आज काहीच उमटलं नाही. रात्री ढगाच्या फटीतून तारे दिसत असतानाही आकडा अधिक १. खालच्या दोन-तीन किलोमीटरांत इतकी वाफ भरली आहे, की सेन्सर तीच मोजतो. वरून काय येतं ते तिच्यातून खाली पोचत नाही. उपकरण ठीक आहे, ऋतू बदलला.

१३ जुलै

पावसाची उघडीप. दुपारी खालचे ढग फाटले आणि वर सिरस दिसला. फोटो जोडून पळते चित्र केलं, तर तंतू पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललेले. फेब्रुवारीच्या चित्रांत अगदी उलट. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून वर्गात दाखवली. हिवाळ्यात आपल्यावरून पश्चिमेचा जोरकस वारा वाहतो. पावसाळ्यात तिबेटच्या बाजूची उंच हवा तापते आणि चौदा-पंधरा किलोमीटरच्या आसपास पूर्वेचा वारा सुरू होतो. त्याचं १९५८ मध्ये सविस्तर वर्णन केलं ते आपल्याच पी. कोटेश्वरम यांनी. पुढे ते हवामान खात्याचे महासंचालक झाले. संध्याकाळच्या फुग्यातही १५० मिलिबार दाबाच्या उंचीवर, म्हणजे साधारण चौदा किलोमीटरवर, वारा पूर्वेचाच होता. साध्या कॅमेऱ्याने मोसमी पावसाच्या माथ्यावरचा वारा पकडला, हे मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आवडलं.

सेन्सर आज उतरवला. ऑक्टोबरअखेर हवा कोरडी होईपर्यंत तो ठेवण्यात अर्थ नाही, उलट बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद केला. कॅमेरा सुरूच राहील, घुमटावर दर आठवड्याला मेण चोळायचं म्हणजे थेंब टिकत नाहीत. आतापर्यंतचा खर्च साडेदहा हजारांच्या आत, त्यातले ९५० रुपये रुंद सेन्सरचे आणि ४५० ड्राय आइसचे टाळता आले असते. नोव्हेंबरमध्ये दुसरा डबा शहराच्या पूर्वेला, पारडीकडे एका विद्यार्थिनीच्या घरी बसवायचा आहे. दोन ठिकाणांहून एकाच वेळी घेतलेल्या फोटोंतून ढगाची उंची थेट काढता येईल आणि फुग्याच्या कोष्टकावर विसंबावं लागणार नाही. त्यासाठी दोन्ही घड्याळं सेकंदाला जुळलेली हवीत, ते काम भाच्याने आत्ताच सुरू केलंय.